रजेच्या अर्जातली चतुर्थी

आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, वर्षाला साधारण १६० मूर्ती होतात आणि त्यांचे जवळजवळ सगळे पैसे चतुर्थीच्या आधीच्या तीन दिवसांत हातात येतात. बाकीचे वर्षभर शाळा फक्त मागत असते: दिवाळीनंतर गुजरातहून येणाऱ्या शाडूच्या गोणी, मातीत मिसळायचा कापूस, रंग, पावसाळ्यात मूर्ती सुकवण्यासाठी रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्यांचे बिल आणि आषाढापासून हाताखाली येणाऱ्या दोन मुलांची मजुरी. हे सगळे वजा करून जे उरते त्याला बाराने भागले, तर महिन्याला १२ हजार रुपयेही होत नाहीत. म्हणून मूर्तिकाम सांभाळून नोकरी करावी की करू नये, असा प्रश्न माझ्यापुढे कधी नव्हताच. कोणती नोकरी करावी आणि तिने वर्षातले कोणते महिने मला मोकळे सोडावेत, एवढेच ठरवायचे होते. ते ठरायला जवळजवळ दहा वर्षे गेली. शाळा चालवणाऱ्यांची, दशावतारात काम करणाऱ्यांची किंवा पर्यटकांच्या हंगामावर हस्तकलेचे दुकान चालवणाऱ्यांची घडी आमच्या भागात बहुधा याच ठिकाणी विसकटते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

शाळा सासरची. वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या गावात सासऱ्यांच्या आजोबांनी ती सुरू केली, तेव्हा मळ्यातली चिकणमाती वापरली जाई आणि मूर्तीच्या मोबदल्यात घरोघरचे भात नि नारळ येत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला मातीतले काही कळत नव्हते. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्या वर्षी माझ्याकडून फक्त माती भिजवून, गाळून, कुटून घेतली आणि उंदीर करवून घेतले. चौथ्या वर्षी त्यांच्या हाताला कंप सुरू झाला आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे आली. यजमान साच्यातून अंग काढण्याचे आणि रंगाच्या अस्तराचे काम करतात, पण शेतीही त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे लावणीच्या दिवसांत शाळेत दिवसा फक्त बाबा आणि मी असतो.

पहिली नोकरी मी पगार बघून धरली. कुडाळच्या एका खाजगी कंपनीत हिशेब लिहिण्याचे बारमाही काम होते, वाणिज्य शाखेची पदवी उपयोगी पडली आणि दर महिन्याच्या सात तारखेला खात्यात पैसे जमा होऊ लागले. २०१७ मध्ये चतुर्थी २५ ऑगस्टला होती. त्या वर्षी आठ दिवसांची रजा मिळाली आणि रात्री जागून कसेबसे निभावले. पुढच्या वर्षी मी अर्ज करण्याआधीच माझी रजा मंजूर होऊन आली, आणि ती पुन्हा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली होती, कारण मागच्या वर्षीचा अर्ज समोर ठेवून कोणीतरी वार्षिक तक्ता भरला होता. २०१८ साली ज्येष्ठ अधिक होता आणि चतुर्थी १३ सप्टेंबरला गेली होती. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून चतुर्थी दरवर्षी तेवढी अलीकडे येते आणि अधिक महिना आला की एकदम १८-१९ दिवसांनी पुढे जाते, ही गोष्ट कॅलेंडर भिंतीवर असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक असते. कार्यालयाला ती समजावून सांगण्यात माझे दोन आठवडे गेले, आणि शेवटी मिळाली ती चार दिवसांची रजा.

त्या वर्षीच्या आखणीबद्दल मला अजूनही वाईट वाटते. डोळ्यांची आखणी हे शेवटचे काम असते आणि ते दमलेल्या हाताने करता येत नाही. वरच्या पापणीची रेघ शून्य नंबरच्या ब्रशने एका श्वासात ओढावी लागते, ती मध्येच थांबली की तिथे रंगाचा बारीक थेंब साचतो. मग बुबुळ बसवताना मूर्ती आपल्या डोळ्यांच्या उंचीवर न ठेवता, पाटावर बसल्यावर ती जेवढ्या उंचीवर असेल तेवढ्यावर ठेवून समोर बसायचे, म्हणजे नजर पुजणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडते. दिवसभर कार्यालयात आकडे लिहून आल्यावर रात्री अकरा ते तीन मी हे करत होते. मूर्ती न्यायला आलेल्या आमच्याच वाडीतल्या एका आजींनी बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "गो बाय, ह्यो माझ्याकडे बघणा नाय गो." डावे बुबुळ बाहेरच्या बाजूला सरकले होते. बाहेर अंगणात त्यांची मुले-नातवंडे टाळ घेऊन पावसात उभी होती. ओल्या कापसाने तो डोळा पुसून, पुन्हा पांढरा देऊन, तो वाळेपर्यंत सगळ्यांना थांबवून मी तो नव्याने आखला. ऑक्टोबरमध्ये मी राजीनामा दिला.

त्यानंतर वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात लागले. कारण साधे होते. काजूची बी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत येते, कारखान्याला माणसांची खरी निकड उन्हाळ्यात असते आणि पावसाळ्यात काम मंदावते. कागदावर हे शाळेला अगदी जुळणारे होते. सुरुवातीला मी कटरवर बसले, कारण तिथे किलोवर मजुरी मिळते आणि हात चालता असला तर पैसे बरे सुटतात. बी वाफेवर उकडून गार झाली की पायाने दाब देत एकेक बी पात्यात धरून फोडायची आणि अख्खा गर सोडवायचा, असे ते काम. टरफलातले तेल मात्र जहाल. हाताला आधी गोडेतेल चोळले, राख लावली, मोजे घातले, तरी बोटांच्या टोकांपर्यंत ते पोहोचतेच. कातडी आधी काळी पडते, मग कडक होते आणि शेवटी पापुद्र्यांनी निघते. २०१९ च्या जूनमध्ये मी शाळेत बसून पहिल्या मूर्तीच्या सोंडेवरून पाण्याचा हात फिरवला तेव्हा मला ओलावा लागला नाही. माती किती ओली आहे हे मूर्तिकाराला बोटाच्या टोकाने कळते, डोळ्यांना ते उशिरा दिसते. त्या महिन्यात मी घडवलेल्या मूर्तींपैकी सातांच्या गळ्याशी बारीक तडे गेले, कारण ओल्यावर ओले जोडले की सुकलेल्यावर ओले जोडले, हेच मला समजत नव्हते.

दिवाळीनंतर परत कामावर गेले तेव्हा मी कटर सोडून प्रतवारीत जागा मागितली. तिथे दिवसाची ठरलेली मजुरी असते आणि ती चपळ हाताच्या कटरवालीपेक्षा कमी पडते. पांढऱ्या टेबलावर काजूगर पसरून अख्खे, पाकळी, तुकडा, कणी असे वेगळे करायचे आणि अख्ख्यांतही १८०, २१०, २४०, ३२० अशा प्रती लावायच्या. हे आकडे म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात त्याची मोजणी. आठवड्याला सातशे-आठशे रुपयांचा तोटा मी त्या वेळी हिशेबाच्या वहीत स्पष्ट लिहून ठेवला आणि त्यापुढे "बोटे" असे लिहिले. हातांवर चालणारा हंगामी धंदा ज्याचा आहे त्याने दुसरी नोकरी निवडताना ती हातांचे काय करते हे सर्वात आधी पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पगाराची घासाघीस नंतर करता येते.

एक अडचण मात्र जागा बदलूनही सुटत नव्हती. मूर्ती सुकवायला सर्वात चांगले दिवस म्हणजे एप्रिल आणि मे, अशी आमच्याकडे पिढ्यानपिढ्यांची समजूत, आणि नेमक्या त्याच दिवसांत कारखान्यात एक दिवसाचीही सुटी मिळत नाही. बिगरहंगाम म्हणून जो काळ मी नोकरीला देत होते, तो शाळेच्या दृष्टीने बिगरहंगाम नव्हताच. मग मी मार्गशीर्षापासून माघापर्यंत पहाटे पाच ते साडेसात आणि रविवारी दिवसभर मातीत बसू लागले. एक फुटाच्या आतल्या मूर्तींची अंगे साच्यातून काढायची, हात जोडायचे, बैठक करायची आणि तिथेच थांबायचे. मुकुट, सोंडपट्टी, शेला हे बारीक काम जूनसाठी ठेवायचे. थंडीतली हवा कोरडी असते पण ऊन कडक नसते, त्यामुळे माती आतून-बाहेरून एकसारखी सुकते. वैशाखात कातडी आधी सुकून आतला ओलावा अडकतो आणि तडा जातो. हिवाळ्यात मला तडा जवळजवळ मिळालाच नाही.

बाबांना हे पसंत नव्हते. कच्ची माती पावसाळ्यात हवेतले पाणी ओढते, माघात केलेली मूर्ती श्रावणापर्यंत टिकायची कुठे, हा त्यांचा आक्षेप खरा होता. त्यावर सासूबाईंनी उपाय सुचवला. आमच्या जुन्या स्वयंपाकघरात अजून चूल पेटते आणि तिच्यावरच्या माळ्यावर कोकमे, बियाणाचे भात, सुके मासे असे सगळे पावसाळाभर कोरडे राहते. आम्ही त्या माळ्यावर पेंढा पसरला आणि एकेक कच्ची मूर्ती जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ओळीने निजवली, म्हणजे धुराची काजळी लागू नये. जूनमध्ये उघडल्यावर त्या वाजवून पाहिल्या तर कौलासारख्या खणखणीत वाजत होत्या.

२०२० हे वर्ष वेगळे गेले. टाळेबंदीत कारखाना बंद पडला आणि घरगुती मूर्ती दोन फुटांपेक्षा उंच नको असे शासनाने सांगितल्यावर मोठ्या मूर्तींची मागणी थांबली. बाबांना माळा पटला तो त्याच्या पुढच्या वर्षी. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा अंगणातल्या मांडवात बाबांनी आणि यजमानांनी एप्रिलपासून केलेल्या सत्तरेक मूर्ती होत्या. पत्रे उडाले, वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही आणि सकाळी त्यांतल्या चाळीसहून अधिक मूर्तींचा चिखल झाला होता. रंग न लागलेली शाडू परत भिजवून वापरता येते, त्यामुळे माती गेली नाही. गेले ते दोन माणसांचे पाच आठवडे. माळ्यावरच्या ५४ मूर्तींना काहीही झाले नव्हते. बाबा शिडीवर अर्धे चढून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि खाली उतरल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की पुढच्या मार्गशीर्षात पहाटे चूल कोण पेटवणार.

या काळात एक सोपा मार्ग समोर होताच, तो नाकारल्याचेही सांगितले पाहिजे. पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे परिसरातून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती सगळीकडे जातात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या अशा मूर्ती जुलैत आणून फक्त रंगवल्या, तर नोकरी बारमाहीही करता येते आणि आमच्या ओळखीच्या काहींनी तसे केले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई आली. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवायला आणि विकायला मुभा दिली, तरी नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला दिली नाही. आमच्या गावचा गणपती व्हाळात, म्हणजे ओढ्यात, किंवा समुद्रातच जातो. पण कायदा नसता तरी मी ते केले नसते. आमच्या शाळेत येणारा पाट हा घडवण्यासाठी येतो.

पाटाचा विषय निघाला म्हणून पैशांचे सांगते. आमच्याकडे नागपंचमीच्या आसपास घरोघरचे पाट शाळेत येऊ लागतात. पाटावर विडा, नारळ ठेवून माणूस मूर्ती सांगून जातो, आणि त्या वेळी रकमेचा शब्द काढणे बाबांच्या मते अशुभ नसले तरी अशोभनीय होते. इकडे माझा कारखान्याचा शेवटचा पगार मेअखेर यायचा आणि चतुर्थीचा पैसा तीन महिन्यांनी. जून-जुलैत मुलांची पुस्तके, लावणीची मजुरी, रंगाची खरेदी हे सगळे एकदम अंगावर यायचे. दोन वर्षे मी भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून हा खड्डा बुजवला, हे चुकीचे होते. कारखान्यातल्या हिशेबनिसांनी समजावले की मी दर वर्षी परत त्याच कामावर येते, खात्याचा क्रमांकही एकच राहतो, आणि निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा धरली जाते. पैसे काढून टाकले की ती मोजणी मोडते. मग मी पाटाकडे वळले. विड्याखाली ५०० रुपये ठेवावेत, असे मी घरोघर जाऊन स्वतः सांगितले आणि त्याचे कारणही सांगितले. एका घराने पाट दुसरीकडे नेला. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी न सांगता ठेवले, आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी तर जूनमध्येच फोनवरून पाठवायला सुरुवात केली.

सप्टेंबर २०२३ मध्ये प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आहेत, म्हणून मी सेवा केंद्रातून नोंदणी केली. कुटुंबातल्या एकालाच लाभ घेता येतो आणि घरात सरकारी नोकरी असेल तर घेता येत नाही, हे आधीच पाहून ठेवावे. प्रशिक्षणाचे दिवस नेमके काजूच्या भरात आले, पण दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन असल्याने मजुरी फारशी बुडाली नाही. अवजारांसाठी १५ हजारांचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने एक लाखाचे पहिले कर्ज मिळाले. ते १८ महिन्यांत फेडायचे, म्हणजे महिन्याला पावणेसहा हजारांच्या आसपास हप्ता. वर्षातून एकदाच पैसा पाहणाऱ्या मूर्तिकाराला असा मासिक हप्ता झेपणे कठीण असते. मला तो झेपला तो कारखान्याच्या मजुरीतून आणि चतुर्थीच्या पैशांतून पावसाळ्यातले हप्ते आगाऊ बाजूला काढून ठेवल्यामुळे. त्या कर्जातून आम्ही मांडवाच्या जागी पक्की, उंच जोत्याची खोली बांधली.

सर्वात कठीण परीक्षा २०२५ ची. काजू कारखान्याच्या शेठांशी माझे लेखी ठरले होते की १५ मेला मी मोकळी होणार आणि १ ऑक्टोबरला हजर होणार. चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि मोठ्या मूर्ती सगळ्या बाकी होत्या. पाऊस मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यातच आला आणि २५ मेला देवगडपर्यंत मान्सून पोहोचल्याचेही जाहीर झाले. खळ्यात वाळत घातलेली बी भिजायला लागली. शेठ स्वतः घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "वयनी, चवथ ऑगस्टात आसा, माझी बी आज भिजता हा." मला राग आला नाही, कारण भिजलेल्या मालाकडे बघण्याचे दुःख मला माहीत होते. करार माझ्या बाजूने होता, पण माझ्यापुढेही पेच होता, कारण या पावसात माझ्या मोठ्या मूर्ती सुकणार नव्हत्या. मी महिनाअखेरपर्यंत येईन असे सांगितले आणि त्या बदल्यात बॉयलरच्या खोलीमागची रिकामी जागा मागितली. तिथला बॉयलर टरफलांवर चालतो, भिंत दिवसभर कोमट असते आणि धूर दुसऱ्या बाजूने जातो. जून-जुलैत आम्ही ३० मूर्ती टेम्पोत गवतावर बसवून तिथे नेल्या, भिंतीपासून दोन हात अंतरावर फळ्यांवर ठेवल्या आणि रोज एकेक चतकोर फिरवल्या. नेताना एकीचा कान आणि एकीची बोटे मोडली, ती जोडता आली. घरात दिव्यांखाली ज्या मूर्तीला बारा दिवस लागले असते ती तिथे पाच-सहा दिवसांत सुकली, आणि विजेचे बिल मागच्या वर्षीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी आले.

आता मार्गशीर्ष चालू आहे. माळ्यावर २२ मूर्ती निजल्या आहेत आणि बाबा पहाटे माझ्याआधी उठून चूल पेटवतात. पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, पुन्हा ज्येष्ठ अधिक आहे, नागपंचमी १७ ऑगस्टला आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे पाटांचे आगाऊ पैसे उशिरा येणार आणि करारातल्या तारखेपासून चतुर्थीपर्यंतचे मजुरीशिवायचे दिवस यंदापेक्षा १८ ने वाढणार. म्हणून १५ ऐवजी ३१ मेपर्यंत कामावर ठेवावे, असा अर्ज मी मागच्या सोमवारी दिला. त्यात इंग्रजी तारखांच्या जोडीला तिथ्याही लिहिल्या, अधिक महिना कंसात दाखवला. शेठांनी तो वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटून पाहिली, सही केली आणि सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले: बॉयलरची खोली, ४० मूर्ती, १ जूनपासून.